अनवधानाचे पाप

विजयादशमीच्या सकाळी आपल्या मंदिराच्या प्रांगणात वाहनांची रांग लागते. मोटारींच्या पुढल्या भागावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूच्या माळा चढतात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात आणि गुरुजी अक्षता टाकून वाहनाच्या व आत बसणाऱ्यांच्या रक्षणासाठी प्रार्थना करतात. हा दिवस मूळचा शस्त्रपूजेचा. आजच्या गृहस्थाच्या घरी तलवार नाही, भाला नाही. परंतु ज्याच्या एका धक्क्याने माणूस मरू शकतो अशी वस्तू म्हणून वाहन मात्र आहे. तेव्हा त्या दिवशी वाहनाची पूजा होते हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. नवल वाटते ते पुढील दृश्याचे. पूजा आटोपते, नारळाचा प्रसाद तोंडात असतो, आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवीत व दुसऱ्या हाताने मोबाईल कानाशी धरून मंडळी फाटकाबाहेर पडतात. प्रांजळपणे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्यांतलेच एक होतो.

अशा वेळी मनात प्रश्न उभा राहतो, तो हा : आपण जे रक्षण मागितले ते कोणाचे, आणि कोणापासून? रस्त्यावरील दुसऱ्या माणसाचे आपल्यापासून रक्षण व्हावे अशी प्रार्थना आपण कधी केली आहे काय?

पाप म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे चोरी, असत्य, हिंसा अशी हेतुपूर्वक केलेली कर्मे येतात. वाहन चालविताना मोबाईलकडे पाहणाऱ्याच्या मनात कोणाचेही वाईट नसते. तो घरी पोहोचण्याची वेळ सांगत असतो, दुकानाचा हिशेब विचारीत असतो, फार तर एखाद्या नातलगाच्या वाढदिवसास शुभेच्छा धाडीत असतो. मग त्याला दोषी कसे म्हणावे? ‘हेतू नाही तेथे पाप नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या म्हणण्याचा थोडा विचार करू.

आपल्या शास्त्रकारांनी या दोषास एक स्वतंत्र नाव दिले आहे. ते नाव ‘प्रमाद’. कर्तव्याच्या जागी चित्त नसणे, जेथे जागे राहावयाचे तेथे भान सुटणे, म्हणजे प्रमाद. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण मनुष्यास कशाने बांधतो हे सांगताना आळस व निद्रा यांच्या पंक्तीस प्रमाद बसविला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात ऋषी धृतराष्ट्रास उपदेश करतात, त्यात तर मृत्यू म्हणून वेगळे काही नसून प्रमाद हाच मृत्यू होय, असे मत त्यांनी मांडले आहे. हा उपदेश वेदान्ताचा आहे, रहदारीचा नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि महामार्गावर त्याचा जितका शब्दशः प्रत्यय येतो तितका क्वचितच अन्यत्र येत असेल.

कठोपनिषदातील रथाचे रूपक वाचकांच्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी. सारथी जागा असेल तर लगाम ताणलेला राहतो व घोडे वाटेवर राहतात. आता खऱ्याखुऱ्या रथात, म्हणजे आपल्या मोटारीत, काय घडते ते पाहा. हात स्टिअरिंगवर आहेत, पाय ब्रेकपाशी आहे, डोळेही कदाचित उघडे आहेत. परंतु सारथी मात्र रथातून उतरून दूर कोठेतरी, बोलणाऱ्याच्या घरी, जाऊन बसला आहे.

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. आलेला संदेश वाचण्यास पाच सेकंद लागले असे धरले तर तेवढ्यात ती ८३ मीटर, म्हणजे पावणेतीनशे फुटांच्या आसपास अंतर तोडते. इतके अंतर डोळे मिटून पायी चालण्यासही आपण धजणार नाही. पुष्कळजण म्हणतात, आम्ही मोबाईल हातात धरीत नाही, कानात यंत्र घालून बोलतो. परंतु कॅनडातील टोरंटो नगरात ६९९ वाहनचालकांच्या अपघातांचा अभ्यास होऊन १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. मोबाईलवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो असे त्यात आढळले. आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांस त्या मोकळ्या हातांचा काही लाभ झाल्याचे आढळले नाही. म्हणजे अडचण हाताची नसून चित्ताची आहे. शेजारी बसलेला माणूस पुढे गर्दी दिसताच आपण होऊन बोलणे थांबवितो. दूर बसलेल्यास रस्ता दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे सरकारी अहवाल सांगतो. दिवसाकाठी हा आकडा ४६० च्या वर जातो. त्यांपैकी किती मृत्यू मोबाईलमुळे झाले हे पंचनाम्यात सदैव उमटेलच असे नाही. अपघातानंतर मोबाईल खिशात जातो, आणि ‘ब्रेक लागला नाही’ एवढेच उरते.

आता हेतूच्या प्रश्नाकडे वळू. रामायणातील दशरथ राजाची कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. तरुणपणी त्यास शब्दवेधाची विद्या अवगत होती व तिचा अभिमानही होता. पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात, शरयूच्या तीरी घागर भरण्याचा आवाज त्याने ऐकला, हत्ती पाणी पीत आहे असे समजून बाण सोडला, आणि आंधळ्या मातापित्यांचा एकुलता आधार असलेला तापसकुमार पडला. दशरथाचा हेतू काय होता? मनुष्यवधाचा मुळीच नव्हता. तरीही त्याने स्वतः ‘माझा काय दोष?’ असे म्हटले नाही. तो पाणी घेऊन त्या वृद्धांपुढे गेला, आपल्या तोंडाने सर्व सांगितले व त्यांचा शाप माथी घेतला. आणि आयुष्याच्या अखेरच्या रात्री, रामाच्या वियोगाने तळमळत असता, कौसल्येपाशी त्याने काढली ती हीच गोष्ट. त्याचा दोष मारण्याच्या इच्छेत नव्हता. न पाहता बाण सोडण्यात होता. त्याला आपल्या कौशल्याचा भरवसा होता. आम्हालाही असतो. ‘वीस वर्षे गाडी चालवीत आहोत, एका हाताने सहज चालवितो’ हे आपले वाक्य शब्दवेधाच्या अभिमानाहून निराळे आहे काय?

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आजवर आम्ही कोणास खरी सांगितलेली नाही. काही वर्षांपूर्वी महाकाळाचे दर्शन घेऊन उज्जैनहून इंदूरकडे परतत होतो. सांवेरच्या अलीकडे मोबाईल वाजला. घरून विचारणा होती, कोठपर्यंत आलात, पाने वाढावयाची का? उत्तर देण्यासाठी आम्ही खाली पाहिले. वर पाहिले तेव्हा सायकलला दुधाच्या दोन बरण्या लावलेला एक वृद्ध गवळी अगदी चाकासमोर होता. आम्ही स्टिअरिंग फिरविले, त्याने सायकल कच्च्यात घातली. एक बरणी उलटून दूध मातीत गेले. त्याच्या गुडघ्यास खरचटले. त्याने आम्हांस शिवी दिली नाही. आमच्या हातातील मोबाईलकडे पाहिले, आणि बरणी उचलू लागला. आम्ही पैसे पुढे केले, त्यातून त्याने फक्त सांडलेल्या दुधाची किंमत घेतली.

घरी येऊन आम्ही काय सांगितले? ‘महाकाळाने वाचविले.’ सर्वांनी हात जोडले. त्या रात्री मात्र झोप आली नाही. देवाने वाचविले असे म्हणताना आपण किती सोयीने बोलतो! तो गवळी मेला असता तर ‘महाकाळाने मारिले’ असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले असते काय? आणि तो वाचला यात आमचे पुण्य ते कोणते? आमचे कर्म दोन्ही प्रसंगी एकच ठरले असते : डोळे खाली गेले, इतकेच. पुढचे सारे दोन हातांच्या अंतरावर अवलंबून होते, आणि ते अंतर आम्ही राखलेले नव्हते.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतकांनीही या कोड्याचा ऊहापोह केला आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोघांनी ते ठळकपणे मांडले. दोन वाहनचालक सारखाच निष्काळजीपणा करतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्यास जग खुनी समजते, दुसऱ्यास काहीच म्हणत नाही. हा न्याय काय? कायद्यापुरते याचे उत्तर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमानुसार वाहन चालविताना हातातील मोबाईलचा वापर हा धोकादायक चालविण्यात मोडतो. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात; मृत्यू ओढवल्यास त्याहून कठोर कलम लागते. कायदा परिणाम पाहतो, त्याला दुसरा उपाय नाही. परंतु धर्म कर्त्याच्या चित्ताकडे पाहतो. ज्याच्या हातून कोणी मेले नाही त्याने आपल्यास निर्दोष समजू नये. त्याने आपल्यास केवळ सुदैवी समजावे.

आपल्या इंदूरच्या आडा बाजाराची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडले. रथ पुढे निघून गेला. गाय वासरापाशी बसून राहिली. देवी अहिल्याबाईंनी ते पाहिले, चौकशी केली, आणि त्याच रथाखाली पुत्रास घालण्याची आज्ञा दिली. कोणी सारथी धजेना तेव्हा त्यांनी स्वतः लगाम हाती घेतला. पण तीच गाय पुनःपुन्हा रथास आडवी आली. इतिहासाच्या कसोटीस ही कथा किती उतरते हा भाग वेगळा. लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, यातच तिचे सत्य आहे. या कथेत ‘मालेरावांनी मुद्दाम केले काय?’ असा प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि क्षमा होते ती गायीकडून. जिचे हरपले तिचाच तो अधिकार. चालकाने तो अधिकार स्वतःकडे घेऊन ‘चुकून झाले’ म्हणत स्वतःच स्वतःस क्षमा करावयाची नसते. ‘महाकाळाने वाचविले’ म्हणताना आम्ही नेमके तेच केले होते.

येथवर चालकाचा विचार झाला. परंतु दोष त्याच्यापाशी संपत नाही. कर्म करणारा, करविणारा, प्रेरणा देणारा व त्यास संमती देणारा हे सारे फळाचे वाटेकरी असतात, ही आपली जुनी धारणा आहे. रस्त्यातील माणसास मोबाईलवर बोलाविणारे कोण? आपणच. ‘कोठे पोहोचलास?’ हा प्रेमाचा प्रश्न आई विचारते, पत्नी विचारते. पगारी ड्रायव्हरला त्याचे मालक रस्त्यात चार वेळा फोन करतात. न उचलला तर नोकरीची भीती, उचलला तर जिवाची. आपल्या उत्सव समितीचेच घ्या. रामनवमीच्या सकाळी स्कूटरवर फुलांचे हारे बांधून निघालेल्या फुलवाल्यास ‘निघालास का? जन्मकाळ जवळ आला’ असे आपण दर दहा मिनिटांनी विचारतो, आणि तो मोबाईल हेल्मेटात खुपसून उत्तर देतो. रामजन्मासाठी फुले हवीत खरी. पण ती आणणाऱ्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते.

यावर कोणी म्हणेल, काही निरोप निकडीचे असतात. कित्येकांची तर उपजीविकाच मोबाईलवर आहे. हे खरे आहे. घरपोच अन्न नेणारी मुले, भाड्याच्या मोटारी चालविणारे, यांना वाट पाहण्यास मोबाईल लागतो, व लक्ष विचलित न होईल अशा रीतीने वाट पाहण्यापुरती मुभा नियमांनीही ठेवली आहे. परंतु निकडीच्या निरोपासाठी गाडी बाजूस घेऊन उभी करता येते. जो निरोप दोन मिनिटे थांबण्याच्या योग्यतेचा नाही तो निकडीचा नव्हता, इतके साधे हे गणित आहे. आणि अन्न दहा मिनिटे उशिरा आले म्हणून त्या मुलास न टाकून बोलणे, हा आपला वाटा आहे.

इंदूर नगराने २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला मान वर्षानुवर्षे राखिला. तो केवळ दंडाच्या भयाने राखिला गेला नाही. रस्त्यात कागद टाकताना हात थबकू लागला, घरातील लहान मूल वडीलधाऱ्यांस ‘येथे टाकू नका’ म्हणू लागले, तेव्हा ते घडले. जो हात कागद टाकताना थबकतो तो मोबाईल उचलतानाही थबकू शकेल.

आमची सभासद बंधुभगिनींना विनंती एवढीच. वाहनाची पूजा झाल्यावर मोबाईल बंद करून मागल्या आसनावर ठेवावा, व तो तेथेच असू द्यावा. घरच्यांनी निघताना निरोप घ्यावा आणि पोहोचेपर्यंत धीर धरावा. ‘पोहोचलो’ हा एक शब्द पुरे. उत्सव समितीने फुलवाल्यास, आचाऱ्यास व गुरुजींस आदल्या दिवशीच वेळ ठरवून द्यावी, आणि वाटेत त्यांना हाक मारू नये.

आम्ही स्वतः त्या दिवसापासून हा नियम पाळीत आहो. सांवेरच्या रस्त्याने जाताना आजही दुधाच्या बरण्या लावलेली एखादी सायकल पुढे दिसली की गाडीचा वेग आपोआप कमी होतो. तो गवळी पुन्हा भेटला नाही. क्षमा मागावयाची राहून गेली आहे.