बटण गाडीचे, विवेक चालकाचा

गाडी चालवणाऱ्या तरुणाला वडीलधाऱ्यांनी करायचा उपदेश ठरलेला असतो : 'जरा हळू चालव.' उपदेश हिताचा आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. कारण आज त्या तरुणाच्या हाताशी 'स्पोर्ट' असे लिहिलेले एक बटण असते. पोर्श, बीएमडब्ल्यू यांसारख्या जलद गाड्यांत ते बऱ्याच वर्षांपासून आहे. आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही आले आहे. कंपनीने बटण दिले आणि कायद्याने त्याला मनाई केली नाही. मग ते दाबण्यात गैर काय? आणि गैर असेल तर तेच बटण शर्यतीच्या ट्रॅकवर दाबले की योग्य कसे होते? एकच कृती एका ठिकाणी योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी अयोग्य कशी ठरते, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. या बटणाच्या निमित्ताने तो आपण विचारात घेऊ या.

प्रथम हे बटण काय करते ते पाहू. बहुतेक गाड्यांत त्याने इंजिनाची मूळ ताकद वाढत नाही. अॅक्सिलरेटर थोडा दाबला तरी इंजिन अधिक जोराने प्रतिसाद देते. गिअरबॉक्स खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, स्टिअरिंग जड होते, सस्पेन्शन कडक होते, सायलेन्सरचा आवाज वाढतो. काही गाड्यांत घसरणाऱ्या गाडीला सावरणारी यंत्रणाही थोडी उशिरा हात घालते. थोडक्यात, गाडी चालकाचे अधिक तत्परतेने ऐकू लागते. मात्र त्याची चूकही ती तितक्याच तत्परतेने ऐकते. चालकाचे डोळे व पाय पूर्वीचेच राहतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोरचा धोका पाहून ब्रेकवर पाय येईपर्यंतचे हे अंतर आहे. खरे ब्रेक लागायचे त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. हा हिशेब कोणत्याही बटणाने बदलत नाही.

आता ट्रॅककडे वळू. आपल्या देशात चेन्नईजवळ, कोइम्बतूरजवळ आणि ग्रेटर नोएडा येथे असे ट्रॅक आहेत. तिथे सर्व गाड्या एकाच दिशेने जातात. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, वळणावर झेंडे घेऊन माणसे उभी असतात. गाडी बाहेर गेली तर थांबायला मोकळी जागा असते आणि रुग्णवाहिका सज्ज असते. ट्रॅकवर चुका होत नाहीत असे नाही. चूक होणारच हे धरून ती जागा बांधलेली असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तिथे उतरलेल्या प्रत्येकाने धोका जाणून घेऊन त्याला संमती दिलेली असते. रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. शाळेतून घरी येणारी मुले, सायकलवरचा दूधवाला, मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई यांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. स्वतःच्या जिवावर उदार होणे एक वेळ समजू शकते. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार कुणालाच नाही.

हा भेद केवळ जागेचा नाही, हे जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगवरून ध्यानात येते. १९२७ साली सुरू झालेल्या या ट्रॅकचा 'नॉर्डश्लाइफे' हा उत्तरेकडचा भाग सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा आहे. तो डोंगर-जंगलातून जातो. शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्ट यांनी त्याला 'हिरवा नरक' म्हटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा तिथे जळत्या गाडीत सापडले. ते कसेबसे वाचले. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या भागावर पुन्हा झाली नाही. हाच ट्रॅक ठरावीक वेळी पैसे भरून सर्वसामान्यांना खुला होतो. अशा वेळी कायद्याच्या दृष्टीने तो एक टोलचा, एकदिशा रस्ता असतो. तिथे वाहतुकीचे नेहमीचे नियम लागू होतात. शर्यत लावायला मनाई, उजवीकडून ओलांडून जायला मनाई. डांबर तेच, वळणे तीच, गाडीही तीच. पण शेजारून जाणारा आता स्पर्धक नसतो. तो सहप्रवासी असतो, कदाचित प्रथमच आलेला. म्हणजे रस्ता कशाला म्हणायचे हे डांबर ठरवत नाही. त्यावर आपल्यासोबत कोण आहे यावर ते ठरते.

हा विवेक सुटला की काय होते, तेही जर्मनीतच दिसले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या कुर्फ्युर्स्टनडाम या भर शहरातल्या रस्त्यावर दोन तरुणांनी रात्री आपल्या वेगवान गाड्यांची शर्यत लावली. एकामागून एक लाल सिग्नल तोडत ते ताशी १६० किलोमीटरच्या आसपास पोहोचले. हिरव्या सिग्नलवर चौकात आलेला ६९ वर्षांचा एक गृहस्थ त्या धडकेत ठार झाला. २०१७ साली बर्लिनच्या न्यायालयाने याला खून ठरवले. २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला, २०१९ मध्ये फेरसुनावणीत पुन्हा खुनाचा निकाल लागला आणि प्रत्यक्ष धडक देणाऱ्या चालकाबाबत तो २०२० मध्ये कायम झाला. इतका काथ्याकूट का? कारण प्रश्न हेतूचा होता. कुणाला मारायचे म्हणून ते निघाले नव्हते. पण मृत्यू घडू शकतो हे समोर दिसत असताना 'होईल ते होवो' म्हणून पुढे जाणे हीदेखील एक प्रकारची इच्छाच नव्हे काय? 'माझा तसा हेतू नव्हता' हे वाक्य आपण सारेच सहज उच्चारतो. परिणाम दिसत असताना डोळे मिटून घेणाऱ्याला त्या वाक्यामागे लपता येत नाही.

मग स्पोर्ट मोड रस्त्यावर कधीच वापरू नये का? असे म्हणणे आम्हांला रास्त वाटत नाही. समोरून रस्ता मोकळा दिसत असताना संथ ट्रक लवकर ओलांडायचा असेल, तर तत्पर इंजिन उपकारकच ठरते. घाट उतरताना खालचा गिअर टिकून राहिला तर ब्रेक तापत नाहीत. उलट ओल्या रस्त्यावर तोच तत्परपणा चाक घसरवतो आणि खडबडीत रस्त्यावर कडक सस्पेन्शनमुळे चाकाची पकड सुटते. नॉर्डश्लाइफेच्या उंचसखल डांबरावर अनुभवी चालकही सस्पेन्शन मऊ ठेवणे पसंत करतात. म्हणजे ट्रॅकवरसुद्धा 'सगळे कडक' हे उत्तर नाही. अॅरिस्टॉटलने धैर्याची जागा भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधे दाखवली. संत थॉमस अॅक्विनास यांनी विवेकाला इतर सद्गुणांचा मार्गदर्शक मानले. नियम सर्वांसाठी एकच असतो. तो या क्षणी, या वळणावर कसा पाळायचा हे विवेकच सांगतो.

अॅरिस्टॉटलची आणखी एक शिकवण इथे लागू पडते : आपण जे वारंवार करतो तसे आपण बनतो. गाडीचा मोड क्षणात बदलतो, मनाचा तसा बदलत नाही. बराच वेळ अतिवेगात राहिलेल्या चालकाला नंतर ताशी ८० चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. म्हणूनच ट्रॅकवर शेवटची फेरी मुद्दाम संथ घेतात. त्यात तापलेले ब्रेक आणि टायर निवतात. चालकानेही त्याच फेरीत आपले मन निववावे आणि मगच फाटकाबाहेरच्या रस्त्यावर यावे.

तेव्हा आपल्या तरुणांना 'हळू चालव' एवढेच सांगून थांबू नये. ज्याला वेगाची खरी हौस आहे त्याला ट्रॅकची वाट दाखवावी, तिथे प्रशिक्षकाकडून शिकू द्यावे. त्या हौसेला नावे ठेवू नयेत. आणि रस्त्यावर बटणाकडे हात जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय त्याला लावावी : या क्षणी माझी चूक झाली, तर तिची किंमत कोण मोजेल? उत्तर 'दुसरा कुणी' असे येत असेल, तर हात मागे घ्यावा.