नोकरी गेल्यावर यश कशाला म्हणायचं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 47



हा श्लोक आपल्याला पाठ असतो. अप्रेझलच्या दिवसांत आपण तो एकमेकांना ऐकवतोही. पण एका सकाळी एचआरचा मेल येतो, संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत द्यावा लागतो, आणि मग हाच श्लोक टोचायला लागतो. इतकी वर्षं कर्मच तर केलं, त्याचं हे फळ?

थोडं थांबून चारही चरण बघूया. कर्मावर तुझा अधिकार आहे. फळावर नाही. फळ हा कर्माचा हेतू होऊ देऊ नकोस. आणि चौथा चरण, जो आपण बहुतेक वेळा विसरतो: काहीच न करण्याचीही ओढ नको. म्हणजे 'देव बघेल' म्हणत रेझ्युमे न उघडणं हा काही कर्मयोग नव्हे.

तुकाराम महाराजांचं बघा. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं इंद्रायणीत सोडली, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्यांची चरित्रं आणखी एक गोष्ट सांगतात. त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांच्या हातात दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला.

किती मोठी गोष्ट आहे ही! वैराग्य आपलं, तर त्याची किंमतही आपल्याच वाट्यातून द्यायची.

होम लोनचा हप्ता, आईची औषधं, मुलांची फी हा घरच्यांचा वाटा. त्यासाठी कमी पगाराची नोकरी घ्यावी लागली तर त्यात कमीपणा कसला? सोडायचं ते आपलं. मोठं डेजिग्नेशन, बॅचमेट्सशी तुलना, 'लोक काय म्हणतील'ची धास्ती.

मग यश कशाला म्हणायचं? रात्री स्वतःला दोनच प्रश्न विचारा. आज माझ्या हातात जे होतं ते मी मनापासून केलं का? आणि माझ्यावर अवलंबून असलेल्यांसाठी जे करायला हवं होतं, त्यात टाळाटाळ तर नाही ना केली? भीती लगेच जाणार नाही. पण या प्रश्नांची उत्तरं द्यायला कुठल्याही कंपनीचं आयकार्ड लागत नाही.

आज एवढंच करूया : घरच्यांच्या वाट्यासाठी एक फोन, आणि आपल्या वाट्यातली एक गोष्ट इंद्रायणीला.

राम कृष्ण हरी.