न निघालेला काटा



भक्ताने देवाजवळ कळवळून काही मागावे, देवाने ते ऐकावे आणि तरीही देऊ नये, तर त्या न देण्याला काय म्हणायचे? कोप म्हणायचा, प्रारब्ध म्हणायचे, की कृपा म्हणायची? वाचकहो, हा प्रश्न नुसता पोथीतला नाही. माळ घातलेल्या घरातही अर्धांगवायू येतो. वारी न चुकवणाऱ्याचे मूलही अधू जन्मते. मग कीर्तन आटोपून बुक्का लावून घेताना माणूस हळूच विचारतो, "बुवा, एवढं विनवलं, देवानं ऐकलं का नाही?"

आज या प्रश्नाचा विचार एका ख्रिस्ती संताच्या दाखल्याने करू. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना ज्या परंपरेने संत म्हणून पोटाशी धरले, तिला परधर्मातला दाखला वर्ज्य नाही. शिवाय हा दाखला आपल्या रत्नागिरीला अगदीच लांबचा नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली याच जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो, असे ते सांगत. तोच पूल धरून आपणही थोडे पलीकडे डोकावून यावे.

संत पौल हे येशूंच्या मागून आलेल्या पहिल्या पिढीतले. आरंभी ते येशूंच्या अनुयायांचा छळ करीत. दमास्कसच्या वाटेवर त्यांना दर्शन झाले आणि माणूस पालटला. पुढे तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत ते गावोगाव उपदेश करीत हिंडले. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला त्यांनी इ.स. ५५च्या सुमारास लिहिलेले पत्र बायबलात 'करिंथकरांस दुसरे पत्र' म्हणून आहे.

त्याच्या बाराव्या अध्यायात ते एका माणसाची हकिगत सांगतात. चौदा वर्षांपूर्वी त्या माणसाला तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेण्यात आले आणि वाणीला सांगता येऊ नये असे काही त्याने तेथे ऐकले. हा माणूस म्हणजे ते स्वतःच, पण 'मी' म्हणायला त्यांची जीभ अडते. का अडते, ते लगेच पुढे कळते. एवढ्या मोठ्या अनुभवाने आपण फुगू नये म्हणून आपल्या देहात एक काटा देण्यात आला, असे ते लिहितात. त्या काट्याला ते सैतानाचा दूत म्हणतात, आपल्याला ठोसे मारणारा. तो जावा म्हणून त्यांनी तीन वेळा प्रभूला विनवले. उत्तर आले, पण काटा निघेल असे त्यात नव्हते. कृपा आहे, तिच्यावर तुझे भागेल, आणि माणूस दुबळा असतो तेथेच देवाचे बळ पुरते उतरते, एवढाच त्या उत्तराचा आशय.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ टोकदार वस्तू. बारीक काट्यालाही तो लागतो आणि अणकुचीदार खुंटालाही. करवंदीच्या जाळीत हात घातलेल्या आपल्या पोरांना पहिला अर्थ लगेच कळेल. दुसरा कळायला बरेच भोगावे लागते.

हा काटा म्हणजे नेमके काय, हे पौल सांगत नाहीत. ख्रिस्ती टीकाकार मात्र शतकानुशतके त्याचा शोध घेत आले आहेत. आपल्या शास्त्रातली तापत्रयाची वाटणी या शोधाला चांगली लागू पडते. स्वतःच्या देहमनातून उठतो तो आध्यात्मिक ताप, इतर जीवांकडून येतो तो आधिभौतिक, आणि अदृश्य शक्तींकडून येतो तो आधिदैविक.

आधी देहाचा ताप पाहू. इ.स. २००च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनाने कानाचे किंवा डोक्याचे दुखणे, अशी ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली. कोणी डोळ्यांचा विकार म्हणाले. कारण गलतीकरांच्या पत्रात पौल आपल्या आजारपणाची आठवण काढतात, तुम्ही मला स्वतःचे डोळेसुद्धा काढून दिले असते असे तेथल्या मंडळीला म्हणतात, आणि पत्राच्या शेवटी आपल्या हातच्या मोठ्या अक्षरांकडे लक्ष वेधतात. कोणी अपस्मार म्हणाले. विल्यम रॅम्झे या स्कॉटिश संशोधकाने आशिया मायनरचा तो मुलूख स्वतः फिरून पाहिला होता. १८९५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तेथल्या सखल किनाऱ्यावर जडलेला जुनाट हिवताप हे उत्तर दिले. कोकणातल्या माणसाला हिवताप समजावून सांगायला नको. एकाआड एक दिवस हुडहुडी भरून येते आणि चालता माणूस अंथरुणाला खिळतो.

मनाच्या तापाचा अर्थ मध्ययुगात पुढे आला. लॅटिन भाषांतरातला शब्द देहाच्या टोचणीसारखा वाचता येत होता, म्हणून मठांतल्या साधूंनी त्यात कामवासना पाहिली. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने हा अर्थ नाकारला आणि छळाकडे बोट दाखवले. आधिभौतिक अर्थ त्याच्याही पुष्कळ आधीचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या थोर प्रवचनकाराने डोकेदुखीची गोष्ट साफ झिडकारली. अलेक्झांडर नावाचा एक तांबट आणि त्याच्यासारखे विरोधक हाच पौलांचा काटा, असे त्याने सांगितले. जुन्या करारातही शत्रूंना कुशीतले काटे म्हटले आहे. मंबाजीने काटेरी फोकाने तुकोबांना झोडपल्याची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा अर्थ पटकन पटेल. आणि सैतानाचा दूत हे शब्द जसेच्या तसे घेणारे आधिदैविक अर्थ लावतात.

एवढे अर्थ का झाले? ज्याच्या वाट्याला जे दुःख, ते त्याला पौलांच्या देहात दिसले. वासनेशी झुंजणाऱ्याला वासना दिसली, विरोधकांनी गांजलेल्याला विरोधक दिसले. यात मला दोष दिसत नाही. आपल्या दुखण्यात एखादा संत सोबतीला असावा ही भूक खरी आहे. पौलांनी दुखण्याचे नाव सांगितले असते, तर ते त्याच रोग्यांचे संत झाले असते. नाव न सांगितल्यामुळे त्या ओळीत कोणालाही बसायला जागा राहिली.

पण नावाच्या शोधात एक गोष्ट नजरेआड होते. पौलांनी दुखणे झाकले आणि देवाचे उत्तर उघड सांगितले. लिहायचा हेतू त्या उत्तराचा होता. आणि का दिले, तेही त्यांनी सांगितले, फुगू नये म्हणून. हा रोग आम्हा कीर्तनकारांना चांगला ठाऊक आहे. गळ्यात हार पडतो, म्हातारी माणसेसुद्धा पायावर डोके ठेवतात, आणि नमस्कार विणेला आहे हे क्षणभर विसरायला होते. नामदेवरायांची कथा आठवा. प्रत्यक्ष देव ज्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारले आणि हे मडके कच्चे असा निवाडा संतांच्या मेळ्यात झाला. नामदेवराय रडत पांडुरंगाकडे गेले. पांडुरंगाने गोरोबांना दोष दिला नाही, नामदेवांना विसोबा खेचरांकडे पाठवले. लाडक्या भक्ताचा सल देवाने काढला नाही, त्यातून पुढची वाट दाखवली.

कूर्मदासांची कथा तर आणखी जवळची. पैठणचे हे भक्त, हात नाहीत, पाय नाहीत. कार्तिकीसाठी गडबडा लोळत पंढरीकडे निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळपाशी देह पुरता थकला, पुढे जाणे होईना. त्यांनी निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः लऊळला आले. या कथेत देवाने हातपाय दिल्याचे कोठेही नाही. हातपाय नसलेल्या भक्ताकडे तो चालत आला, एवढेच आहे.

येथे पूर्वपक्ष असा. हे सगळे नाइलाजाला दिलेले गोड नाव आहे. देवाने काटा काढला तर कृपा, नाही काढला तरी कृपा, मग कृपा नाही असे कधी म्हणायचे? शंका मोठी आहे आणि ती नास्तिकाची म्हणून बाजूला सारू नये. रात्रभर कण्हणाऱ्या आस्तिकाचीही ती असते. तिचे समाधान मला एवढेच दिसते. दुःखाला कृपा म्हणण्याचा अधिकार ज्याला ते दुःख झाले त्यालाच आहे. पौल हे वाक्य स्वतःच्या देहाबद्दल लिहितात, करिंथकरांच्या देहाबद्दल लिहीत नाहीत. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पत्नी गेली, लोकांत अपमान झाला. हे सगळे बरेच झाले असे ते देवाला सांगतात, पण स्वतःच्या संसाराबद्दल सांगतात. दुष्काळात घरची माणसे गेलेल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन, तुझेही बरेच झाले, असे तुकोबा म्हणतील का? कल्पनाही करवत नाही. कुंतीने कृष्णाजवळ विपत्ती मागितली, तीही अशीच. तिचे मागणे घेऊन दुसऱ्याच्या घरी विपत्ती वाटायला आपल्याला कोणी नेमलेले नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेऊ. पुराण सांगणाऱ्या घरातली ही विदुषी. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. कान अधू झाले. १८८३ साली वैद्यकी शिकायला विलायतेस गेल्या, पण ऐकू येत नसल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. पुढे केडगावी मुक्ती मिशनमध्ये निराधार मुलीबाळींना सांभाळत त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणले, आणि १९२२ साली देह ठेवला. ज्या काट्याला तर्तुलियनाने कानाचे दुखणे म्हणून नोंदवले, त्या काट्याचे वाक्य मराठीत लिहिणाऱ्या बाईंचेच कान अधू होते. कीर्तनाच्या पाटावर हा दाखला हाती लागला, तर देवाने भाषांतरासाठीच कान बंद केले, असे म्हणायचा मोह होईल. टाळीही पडेल. पण ते म्हणणारे आपण कोण? कान अधू होते आणि काम झाले, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून हात जोडावेत. त्यांच्यामधले कारण बाईंना आणि त्यांच्या देवाला ठाऊक.

पावसच्या स्वामी स्वरूपानंदांपुढेही आपण असेच हात जोडतो. ऐन तारुण्यात ते जिवावरच्या आजारातून उठले, प्रकृती नाजूकच राहिली. पावसच्या एका घरात जवळजवळ चाळीस वर्षे राहून त्यांनी १९७४ साली समाधी घेतली. माउलींची ज्ञानेश्वरी अभंगांत उतरली ती याच देहाकडून.

आपल्या संप्रदायात प्रारब्ध हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द स्वतःच्या मनाला आवरण्यासाठी शास्त्राने दिला. माझे भोग मी सोसावेत, दुसऱ्याला दोष देऊ नये, एवढ्यासाठी तो आहे. आपण तोच उचलून अंथरुणावरच्या माणसाच्या उशाशी ठेवतो, आणि त्याला दोन दुखणी होतात, एक देहाचे आणि एक आपण पापी असल्याचे. ज्याला पाणी द्यायचे त्याला कारण देऊन आपण हात झटकतो.

पौलांच्या वाक्यात याविरुद्ध आणखी आधार आहेत. एक, काट्यातून देवाने काम करून घेतले असे ते मानतात, पण काट्याला चांगले म्हणत नाहीत. तो सैतानाचाच दूत राहतो. दोन, त्यांनी तीनदा विनवले. दुखणे जावे असे मागणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हणत असेल तर पौल त्याला साक्षीला मिळणार नाहीत. तीन, लूक नावाचा वैद्य त्यांच्या सोबत्यांत होता. म्हणून औषध घ्यावे, पथ्य पाळावे, नवसही बोलावा. त्यानंतरही जे उरते त्याबद्दलच कृपेचा शब्द आहे, आणि तोही ज्याचा त्याने उच्चारायचा.

माझ्यापुरते सांगतो. सत्तरी ओलांडल्यावर माझा आवाज गेला. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, औषध दिले, पण चाल लावायला आवाज परत आला नाही. पांडुरंगाला विनवले, तीनपेक्षा जास्त वेळा. आता मी मागे बसून पोरांचे कीर्तन ऐकतो. चाळीस वर्षांत दुसऱ्याचे कीर्तन असे शेवटपर्यंत ऐकले नव्हते. ही कृपा आहे असे मला वाटते, रोज नाही, पण पुष्कळ दिवस वाटते. दुसऱ्या कोणी माझ्याकडे येऊन, बुवा, आवाज गेला ते बरेच झाले, असे म्हटले, तर मात्र ते मला सोसणार नाही.

वारीच्या वाटेवर दिंडीतल्या कोणाच्या पायात काटा मोडला, तर काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. कोणी त्याचे पूर्वकर्म विचारत नाही. एकजण त्याची पडशी घेतो, एकजण पाय मांडीवर घेऊन सुईने काटा कोरतो. निघाला तर ठीक. नाही निघाला तर त्याला खांद्याचा आधार देऊन मुक्कामापर्यंत नेतात, आणि तो लंगडतच नाम घेत राहतो. त्या काट्याचा अर्थ त्याला लागेल तेव्हा तो सांगेल. तोवर आपल्याकडे त्याची पडशी आहे, ती नीट धरावी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.