ठरलेलं बोलणं, न ठरलेलं ऐकणं

टेंभू म्हटलं की आज सातारा-सांगलीकडच्या माणसाला उपसा सिंचन योजना आठवते. त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढलेल्या या माणसाने त्याच सुमारास शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं आणि त्याला ‘विकारविलसित’ असं नाव दिलं. आगरकरांवर लिहिणारे ही गोष्ट एका ओळीत उरकतात. सुधारकापुढे नाटककाराची काय किंमत! पण नटमंडळींनी तिथे थोडं थांबायला हवं. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राजपुत्र नटांची शिकवणीच घेतो. हातवारे आवरा, शब्दाला साजेल तेवढीच कृती करा, भावनेचा कितीही कल्लोळ असला तरी आतला तोल सोडू नका, असं तो बजावतो. शेवटी विदूषकांनाही दम भरतो, की लिहून दिलंय त्याहून एक शब्द जास्त बोलायचा नाही.

हॅम्लेटची ही भूमिका गाजवली शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी. शाहूनगर म्हणजे सातारा. साताऱ्याचं नाव मिरवणाऱ्या कंपनीतला नट, सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या लेखकाच्या मराठीत, अभिनय कसा करावा हे रोज रात्री प्रेक्षकांसमोर सांगत होता. अभिनयाचं तंत्र आपल्याकडे बाहेरून, अलीकडे, कुठल्या तरी शिबिरातून आलं असं मानणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मात्र राजपुत्राची शेवटची अट सांगलीजवळच्या कवलापुरात कुणी मानली नसती. कवलापूर हे तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव. या जुळ्या भावांची पोलिसांची जोडी ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे, की सोंगाड्याचं अर्धं काम कुणी लिहिलेलंच नसतं. समोरच्याने काय फेकलं, ढोलकीवाल्याने कुठे थाप मारली, पहिल्या रांगेतला पाटील कशाला हसला, यावर पुढचं वाक्य ठरतं. आणि हे काही तमाशापुरतं नाही. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हाही पदं सूत्रधार म्हणायचा आणि नट गद्य भाषण ऐनवेळी आपल्या अकलेने करायचे. सांगलीच्या नाट्यपंढरीचा पाया असा न लिहिलेल्या संवादांवर घातलेला आहे. हे जरा गैरसोयीचं सत्य आहे, म्हणून ५ नोव्हेंबरच्या, मराठी रंगभूमी दिनाच्या भाषणांत ते फारसं ऐकू येत नाही.

म्हणजे या मुलखात नटाला दोन उलट्या गोष्टी शिकवल्या गेल्या. एक, ठरलेलं तेच कर. दुसरी, काहीच ठरवू नकोस, समोर बघ. माझं म्हणणं असं, की नटाला रोज हाताशी धरता येईल असं तंत्र या दोहोंच्या जोडणीत आहे आणि त्या जोडणीत क्रम महत्त्वाचा आहे.

नवी मुलं विचारतात, ‘सर, भूमिका जगायची की करायची?’ हा वाद जुना आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या दिदरोने नट थंड डोक्याचाच हवा असं ठासून मांडलं. पुढे रशियात स्तानिस्लावस्कीने नटाच्या आतल्या सच्चेपणाचा ध्यास घेतला. त्याचा ग्रंथ ‘अभिनयसाधना’ या नावाने मराठीत आणला के. नारायण काळ्यांनी. पण स्तानिस्लावस्कीचं नाव घेऊन डोळ्यांत पाणी काढण्याचे व्यायाम करणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. अखेरच्या वर्षांत तोच माणूस भावनेचा पाठलाग बाजूला ठेवून साध्या शारीरिक कृतीकडे वळला होता. भावनेला हाक मारली की ती दडून बसते. काम दिलं की आपसूक येते.

काम दिलं म्हणजे काय केलं, ते हरिपूरच्या उदाहरणाने पाहू. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेलं हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकात कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. हौशी नट कांचनभट करायला घेतो तेव्हा सहसा ‘लोभ’ करतो, म्हणजे डोळे बारीक, बोटांची वळवळ आणि ओठांवर जीभ. दोन मिनिटांत त्याचं भांडवल संपतं. त्याला लोभ करू देऊ नका. त्याला एवढंच सांगा, की तुला बायकोला गप्प करायचंय. इंदिराकाकू बोलायला लागली की तुझं घर, तुझा सौदा, सगळं मोडेल. आधी लाडीगोडीने गप्प कर, मग धर्मशास्त्र काढ, ते चाललं नाही तर ओरड, आणि ओरडूनही भागलं नाही तर जेवायला वाढ म्हण. लोभ हे नाम आहे, ते करता येत नाही. गप्प करणं, पटवणं, चुकवणं, खिजवणं ही कामं आहेत, ती करता येतात, आणि प्रयोग २०० वा असला तरी करता येतात.

एवढं तालमीत पक्कं ठरवावं. कुठल्या वाक्यावर कुठलं काम, कुठे उभं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा. श्वासाबद्दल तर हट्टच धरावा. आपले नट वाक्य संपेपर्यंत रेटतात आणि शेवटचा शब्द गिळतात. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणजे नेमकं तेच गिळलं जातं आणि तिसऱ्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाला?’ देवलांची ख्याती नाटककार म्हणून जितकी, तितकीच तालीममास्तर म्हणूनही होती. त्या शिस्तीत घोकंपट्टी होती, नक्कल होती, आज आपल्याला पटणार नाही असं बरंच होतं. पण नट उभा राहिला की त्याचा आवाज आणि अंग त्याच्या हुकमात असे.

आणि हे सगळं ठरलं की मग कवलापूरची शिकवण. ठरवलेलं अंगात मुरलं असेल तर डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्याने समोरच्याचं ऐकता येतं. आज इंदिराकाकू कालच्यापेक्षा हळू बोलली, तर कांचनभटाचं ओरडणं कालच्या पट्टीत लागणारच नाही. शब्द तेच, चाल नवी. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी ‘उत्स्फूर्त’ आणि मग जमलं तर शिस्त, तर हाती फक्त गोंधळ येतो. सोंगाड्याची मोकळीक पाहणाऱ्याला दिसते, तिच्यामागे हंगामभर गावोगाव रोज रात्री उभं राहिल्याचा सराव असतो, तो दिसत नाही.

रंगमंचाचं एक आणि कॅमेऱ्याचं दुसरं तंत्र, असं मला वाटत नाही. डॉ. श्रीराम लागूंकडे पाहा. जन्म साताऱ्याचा, १९२७ चा. पेशाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकातून, आणि ते लिहिलं होतं रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांनी. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ आलं, १९७२ साली ‘पिंजरा’, मग ‘सामना’. बेलवलकरांची स्वगतं नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत नेणारा माणूस ‘सामना’त नुसत्या नजरेने हिंदुरावाला अस्वस्थ करतो. लागूंचा मास्तर फार काही करत नाही. तो विचारतो आणि वाट पाहतो. विचारणं हे काम, वाट पाहणं हेही काम. अंतर बदललं म्हणून माप बदललं, काम बदललं नाही. लागूंनी पुढे ‘वाचिक अभिनय’ नावाचं पुस्तकच लिहिलं. प्रतिभेच्या गप्पा मारता आल्या असत्या अशा वयात ते बोलण्याच्या अभिनयाकडे वळले. घशाच्या डॉक्टरला शोभेल असंच ते.

आता आजचं. २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ ही मालिका सातारा परिसरात चित्रित झाली आणि इथली बोली घराघरांत गेली. इथल्या मुलामुलींना कामं मिळू लागली, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांचं कौतुक एकाच शब्दात होतं, ‘नॅचरल’. आपल्याच बोलीत, आपल्याच वयाचं पात्र, आपल्याच गावच्या पारावर केलं की सुरुवातीचे भाग निभावतात. पुढे कथानक ताणलं जातं, सीनचे कागद त्याच सकाळी हातात पडतात, शेवट आधी आणि सुरुवात नंतर चित्रित होते. क्लोजअपसाठी समोरचा नट नसतोच, सहायक सपाट आवाजात त्याची वाक्यं वाचतो. तिथे नॅचरलपणा कुठून आणणार? साताऱ्याचेच सयाजी शिंदे बघा. ‘शूल’मधला बच्चू यादव झाले, तमिळमध्ये ‘भारती’ केला, तेलुगूत तर खलनायकांची रांगच लावली. तिथे साताऱ्याची बोली काय कामाची? बोली काढून घेतल्यावर नटाजवळ जे उरतं तेच त्याचं तंत्र. निदान नटाला जोखायची ही कसोटी मला बरी वाटते.

अडचण सरावाची आहे. कंपन्या होत्या तेव्हा तेच नाटक गावोगाव होई. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमचे हौशी संघ पावसाळा संपताच तालमी धरतात, नोकऱ्या सांभाळून रात्री अकरापर्यंत जागतात, आणि प्राथमिक फेरीत प्रयोग होतो एक. चुकलं काय ते दुसऱ्या दिवशी कळतं, पण दुसरा प्रयोग नसतो. मालिकेत तर सीन ‘ओके’ झाला की जन्मभर त्याच्याशी संबंध नाही. एकदाच करण्याची सवय लागलेल्या नटाला ठरवलेलं मुरायला वेळच मिळत नाही. मग तो त्या दिवशी लागलेल्या सुरावर भिस्त ठेवतो, आणि सूर लागला नाही तर प्रेक्षकांना नावं ठेवतो.

सांगली-साताऱ्यात नाट्यगृहांची भाडी परवडत नाहीत हे मान्य. पण चाळीस मिनिटांचं, दोन दिव्यांत आणि चार नटांत होणारं नाटक शाळेच्या पटांगणात होतं, वाचनालयात होतं, यात्रेच्या आदल्या रात्री देवळाच्या मंडपात होतं. ‘शारदा’तले कांचनभट आणि इंदिराकाकूचेच दोन प्रवेश घ्या, पदं बाजूला ठेवा, आणि पलूसपासून वाईपर्यंत वीस गावांत करा. अकराव्या-बाराव्या प्रयोगाला त्यातल्या एका तरी नटाला आपण समोरच्याचं खरोखर ऐकतोय असं जाणवेल. त्या प्रयोगाला परीक्षक बोलावू नका.