दोन दिनारांच्या पुढचा खर्च

गेल्या वर्षी हबीबगंज येथील आमच्या एका वृद्ध बंधूंना हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. (स्टेशनाचे नाव २०२१ साली राणी कमलापती झाले, तरी आमच्या तोंडी हबीबगंजच आहे.) खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद घरच्या बाईंनी घडी करून पवित्र शास्त्रात ठेवून दिला. पुढच्या रविवारी उपासनेनंतर आम्ही झोळी फिरविली. त्याच सुमारास अमेरिकेतील भाच्याचा फोन आला : मामा, इकडे हीच शस्त्रक्रिया कितीतरी पटींनी महाग आहे, तुम्ही भाग्यवान! बंधू नुसते हसले. दोन्ही रकमा ज्याच्या आवाक्याबाहेर, त्याला स्वस्त काय नि महाग काय?

तेव्हा शस्त्रक्रिया कोठे किती रुपयांना होते, यापेक्षा ते रुपये कोणी द्यावेत, हा प्रश्न मोठा आहे. इंग्लंडने जुलै १९४८ पासून तो भार सरकारी तिजोरीवर घेतला. तेथे रुग्णालयात बिल येत नाही. मात्र गुडघा बदलण्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने पासष्ट वर्षांवरील वृद्धांची सोय झाली. त्याहून लहानांचे बरेचसे नोकरीबरोबर मिळणाऱ्या विम्यावर अवलंबून.

कॅनडाची गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी ऐकण्यासारखी आहे. टॉमी डग्लस नावाच्या गरीब मुलाच्या पायाचे हाड सडत चालले होते. पाय कापण्याची वेळ आली असता एका नामांकित शल्यविशारदाने तो फुकट वाचविला. अट एवढीच की, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी. हा मुलगा पुढे बॅप्टिस्ट पाळक झाला, नंतर सॅस्केचवान प्रांताचा मुख्यमंत्री. त्या डॉक्टरांचे उपकार तो विसरला नाही. पण एखाद्या मुलाचा पाय अशा योगायोगावर अवलंबून असावा, हे त्याला पटेना. त्याच्या सरकारने १९४७ मध्ये रुग्णालयाचा विमा आणला. डॉक्टरांच्या फीची योजना १९६२ साली अमलात आली तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला.

आम्हाला येथे अडखळायला होते. मिरजेला १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी उभारलेले मिशनचे रुग्णालय परदेशच्या मंडळ्यांच्या दानावर चालले, आणि त्या दानाने आपल्या वाडवडिलांचे प्राण वाचले. दानाला कमी लेखण्याची आमची छाती नाही. परंतु दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते, हेही आम्ही त्या झोळीच्या दिवशी पाहिले. बंधू त्या रविवारी उपासनेला आले नव्हते.

शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले, एवढेच रविवारच्या शाळेत शिकविले जाते. अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देईन, हे त्याचे बोलणे मात्र घाईत राहून जाते. त्याने पुढच्या खर्चाची व्यवस्था लावून दिली होती.

आमच्या बंधूंचे वय बहात्तर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. हे मंडळीत कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या दोघांना ठाऊक होते. झोळी फिरविण्याआधी आम्ही त्यांना विचारले नाही, एवढेच. कार्ड निघाले, सरकारी रुग्णालयात तारीख मिळाली, शस्त्रक्रिया झाली.

बंधूंनी झोळीचे पैसे पाकिटात घालून परत आणून दिले. पंचांच्या सभेत त्यांचे काय करावे यावर दोनदा चर्चा झाली. पाकीट अजून कपाटात आहे.