वर गेलेलं खाली येतं?

आकाशात काही विचित्र दिसलं तर ते कोणाला सांगावं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बायकोला सांगावं, तर ती चष्म्याचा नंबर काढते. शेजाऱ्याला सांगावं, तर तो जवळ येऊन हळूच तोंडाचा वास घेतो. राहता राहिलं सरकार. सरकारचं एक बरं असतं. ते विश्वास ठेवत नाही, पण लिहून घेतं.

अमेरिकेच्या हवाई दलानं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावानं १९५२ ते १९६९ हेच काम केलं. १९४७ पासूनच्या धरून नोंदी झाल्या १२,६१८. कोणाची तबकडी शुक्र निघाली, कोणाची उल्का, कोणाचा नुसताच फुगा. शेवटी ७०१ उरल्या. त्यांच्यापुढे शेरा पडला : 'अनोळखी'. सरकारी कागदावर 'आम्हांला ठाऊक नाही' असं लिहायला छाती लागते हो! मला तर तबकडीपेक्षा त्या शेऱ्याचंच नवल वाटतं.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटते लोळ सरकत गेले. "काय पडून राह्यलं बाप्पा?" या प्रश्नाला उल्का, विमान, रॉकेट अशी माणशी एक उत्तरं. पण आमच्या भंडाऱ्याशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडंच येऊन पडलं. सुदैवानं माणसावर नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांचा. इथं पडतं तर कोणीतरी आधी टिचकी मारून धातू ओळखला असता, मग घाबरला असता! कडं पोलीस ठाण्यात गेलं, 'इस्रो'चे शास्त्रज्ञ पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी 'लाँग मार्च' रॉकेटचा तो अवशेष असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

समजा, कडं सापडलंच नसतं. मग "आकाशातून आग पडली" म्हणणाऱ्याला आपण काय म्हटलं असतं? "जा, झोप." साधा माणूस चुकतो तो बहुधा नाव ठेवताना, पाहताना नव्हे. तबकडी म्हणाला म्हणून तो खोटारडा ठरत नाही. त्याला हसणं स्वस्त पडतं, एवढंच. पण त्या हसण्यापायी उद्या खरोखर डोक्यावर पडणारी वस्तूही नोंदीवाचून राहते.

म्हणून माझ्या मते पाहणाऱ्याचे हक्क दोन. एक, त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. दुसरा, उलगडा झाला की तो त्याच्या दारी पोचवावा, आणि झाला नाही तर तेही सांगावं. पहिला हक्क कधीमधी मिळतो. दुसऱ्याची मात्र पंचाईत आहे. वर गेलेलं रॉकेट चौदा महिन्यांत खाली आलं. वर गेलेली फाइल खाली आल्याचं कोणी पाहिलंय का? पाहिलं असेल, तर जरूर कळवा. तीही आकाशातली अनोळखी वस्तू म्हणूनच नोंदवावी लागेल.