फोटो आपला, वाट तिची



१ ऑक्टोबरला आपल्या मध्य प्रदेशातली जंगलं पुन्हा उघडतात. पावसाळ्याचे तीन महिने कान्हा, बांधवगड, पेंच, सातपुडा, सगळीकडे आतला भाग पर्यटकांना बंद असतो. मग दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या ग्रुपवर एकामागून एक फोटो यायला लागतात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांचे वाघ, बडोदेकरांचे गीरचे सिंह, बेळगावकरांचे दांडेलीचे धनेश. बघून छान वाटतं. मीही 'वा, काय सुंदर!' लिहून हात जोडते. पण यंदा सुट्टीच्या आधीच एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याच चुकीची आहे, म्हणून तीन वर्षं सांगितली नव्हती.

मे महिना होता. लेक, जावई, चार वर्षांची नात, आमचे हे आणि मी असे एका जंगलात गेलो होतो. जावयांनी नवा कॅमेरा घेतला होता, हातभर लांब लेन्सचा. दोन फेऱ्या झाल्या, वाघ काही दिसला नाही. तिसऱ्या फेरीला संध्याकाळी चितळं ओरडायला लागली, आणि गाइडने हात वर करून गाडी थांबवली. समोर वाघीण, तिच्या मागे दोन बछडे! रस्त्याच्या पलीकडे पाणवठा होता, तिकडे निघाली होती. पुढे दोन जिप्सी उभ्या होत्या, नीट अंतर ठेवून.

जावई म्हणाले, "इथून झाड आडवं येतंय." तेवढ्यावर ते गप्प बसले. बोलले ती मी. "भैया, थोड़ा आगे ले लो ना, बच्ची को भी दिख जाएगा." ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, उसका रास्ता कट जाएगा." मी पर्समधून पाचशेची नोट काढून त्याच्या पुढ्यात धरली. म्हटलं, "इतनी दूर से आए हैं, भैया."

गाडी पुढे गेली आणि बरोबर तिच्या आणि पाण्याच्या मधे उभी राहिली. वाघीण थांबली. तिने सरळ आमच्याकडे बघितलं. कॅमेरा खटाखट वाजत होता. मग ती वळली आणि पिल्लांना घेऊन आली तशी झुडपात निघून गेली. आम्ही अर्धा तास थांबलो. ती पाण्यावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर कळलं की कुणीतरी तक्रार केली, त्या ड्रायव्हरची गाडी पंधरा दिवस बंद. जूनअखेर जंगल बंद होतं, म्हणजे त्याच्या ऐन कमाईचे दिवस. चूक कुणाची हे मला ठाऊक होतं. ऑफिस वीस पावलांवर होतं. जाऊन 'त्याला मीच सांगितलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. आमची दुसरी गाडी लागली होती, उशीर होत होता, मी गाडीत जाऊन बसले.

फोटो अप्रतिम आला होता. वाघीण थेट डोळ्यांत बघते आहे. याच ग्रुपवर टाकला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी किती कौतुक केलंत! आम्ही तो मोठा करून, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. गेल्या महिन्यात नात, आता सात वर्षांची आहे, फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, हिचे कान असे मागे का गेलेत? आपल्या गल्लीतली मनी रागावली की अस्सेच करते."

तीन वर्षं रोज बघत होते, मला ते कान दिसले नव्हते.

*फोटोत कसली हिंसा?*

आपण शाकाहारी माणसं, मुंगी पायाखाली आली तरी चुकचुकतो. बंदूक कधी हातात धरली नाही. फोटो काढल्याने कुणाचं रक्त येत नाही. मग पाप कुठे आहे?

मला वाटतं ते कॅमेऱ्यात नाहीच. वाघांची गणती होते तीही झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांनीच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून तो ओळखतात. फोटो बघूनच मुलांना जंगल आवडायला लागतं, हेही खरं. प्रश्न एवढाच आहे की माझ्या फोटोची किंमत कोण मोजतं? त्या संध्याकाळी माझ्या पर्समधून पाचशे गेले असं मला वाटत होतं. खरी किंमत तहानलेल्या वाघिणीने, तिच्या पिल्लांनी आणि त्या ड्रायव्हरने मोजली. आपल्या हौसेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं, आणि ते त्याला विचारायचंही नाही, याला आपल्याकडे अस्तेयाच्या विरुद्धच म्हणतात. म्हणजे साध्या भाषेत, चोरी.

*अवधूताचे गुरू आणि आपण*

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथांनी त्यावर किती विस्ताराने लिहिलं आहे, ते पारायणात आपण ऐकतोच. त्यात हरिण आहे, ते गाण्याच्या सुराला भुलून फसतं. मासा आहे, तो गळाच्या आमिषाला भुलतो. पतंग आहे, तो उजेडावर झेप घेतो. अवधूत त्यांच्याकडे बघून स्वतःच्या इंद्रियांबद्दल शिकला. त्याने कुणाला पकडलं नाही, कुणाची वाट अडवली नाही.

आता बघा, जंगलात चांगला फोटो मिळावा म्हणून काय काय करतात. मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरला, आणि तो घाबराघुबरा होऊन उघड्यावर येतो. हा झाला सूर. घुबडाला किंवा गरुडाला जवळ आणायला उंदीर, मांस टाकतात. हे आमिष. आणि रात्रीच्या प्राण्यावर झगझगीत फ्लॅश मारतात. हा उजेड. गोव्यातल्या आपल्या मंडळींना माहीत असेल, मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यावर कासविणी अंडी घालायला येतात. नुकती बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, रात्रीच्या पाण्यावरची ती मंद चमक बघून. मागे कुणी टॉर्च किंवा फ्लॅश चमकवला की ती समुद्राकडे जायच्या ऐवजी उलटी फिरतात.

म्हणजे सूर, आमिष, उजेड, तेच तीन फास आजही चालू आहेत. फरक एवढाच की फास लावणारे आता आपण. अवधूत बघून शिकला आणि आपण बघण्यासाठी पारधी झालो!

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा 'शिकार' म्हणजे काय ते सांगतो, त्यात नुसतं मारणं नाही. प्राण्याला हाकून नेणं, आमिष दाखवणं, पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विचलित करणं हेसुद्धा त्या व्याख्येत आहे. कायदा ज्याला शिकार म्हणतो त्याला आपण 'हॉबी' म्हणतो.

घरट्यावरून आठवलं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते. एवढीशी फट ठेवते आणि आत अंडी उबवते. तिचं आणि पुढे पिल्लाचं खाणं नर त्या फटीतून पुरवतो. ढोलीखाली माणसांची गर्दी असली की नर जवळ यायला धजत नाही. आपण 'थोडा वेळ' म्हणून उभे असतो, आणि आत बाळंतीण उपाशी असते. आपल्या घरात बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं घुसलं असतं तर आपण काय केलं असतं?

*एका गाडीने काय होतं?*

हा प्रश्न मला ह्यांनीच विचारला. एका गाडीने कदाचित काही होत नसेल. पण प्रत्येक गाडीत असाच कुणीतरी बसलेला असतो. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. कारवाई ड्रायव्हर आणि गाइडांवर झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ बघताना मला गाड्या दिसत नव्हत्या, त्यात बसलेली माझ्यासारखी आई-आजी दिसत होती. 'इतनी दूर से आए हैं' म्हणणारी.

ड्रायव्हरला नियम माहीत असतो. तो मोडायला लावणारे आपण. आणि त्याला नाही म्हणणं परवडत नाही, हे आपल्यालाही माहीत असतं.

*आणि खरेपणाचं काय?*

फोटो म्हणजे साक्ष. 'हे असं घडलं' असं तो सांगतो. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची वन्यजीव छायाचित्रांची स्पर्धा जगात नावाजलेली आहे. २००९ मध्ये फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला तिथे पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या जानेवारीत ते काढून घेतलं, कारण तो लांडगा बहुधा पाळीव, शिकवलेला आहे असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते मान्य केलं नाही, पण बक्षीस गेलंच. माझ्या फोटोत काही खोटं नाही. तरी तुम्ही त्याखाली 'राजेशाही नजर' असं लिहिलंत आणि मी आभार मानले. ती नजर राजेशाही नव्हती. ती आडव्या आलेल्या गाडीवर रागावलेल्या आईची होती. हे मला सांगायला हवं होतं.

*यंदा जाताना एवढं लक्षात ठेवूया*

१. गाडीत बसल्याबरोबर ड्रायव्हर-गाइडला आपणच सांगायचं, "भैया, नियम से चलिए, नहीं दिखा तो भी चलेगा." बक्षिशी द्यायचीच, पण वाघ दिसला नाही तरीही तेवढीच. नाहीतर ती बक्षिशी राहत नाही, लाच होते.

२. राष्ट्रीय व्याघ्र संरक्षण प्राधिकरणाच्या २०१२ च्या सूचनांत प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर सांगितलं आहे. प्राणी चालत असेल तर त्याची वाट मोकळी राहील अशीच गाडी हवी.

३. प्राणी चरायचा थांबला, कान मागे गेले, पिल्लांना जवळ घेतलं, वळून बघायला लागला, की समजावं आपण जास्त जवळ आलो. कॅमेरा खाली, गाडी मागे.

४. शीळ, टाळी, 'ए इकडे बघ' काही नाही. रेकॉर्ड केलेले आवाज नाहीत, खाऊ नाही, फ्लॅश नाही. माकडाला बिस्कीटसुद्धा नाही.

५. घरट्याचे, ढोलीचे फोटो नकोतच. पुष्कळ स्पर्धांत ते घेतही नाहीत.

६. फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. मोबाईलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप होते, ती आधी बंद करा. आपण कौतुकाने सांगितलेला पत्ता चोरट्या शिकाऱ्यालाही वाचता येतो.

७. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाईलच्या वापराला मनाई केली आहे. कुरकुर न करता गेटवर ठेवून द्या. दोन तास डोळ्यांनी बघू.

देवळात पडदा लावलेला असला की आपण बाहेर शांत उभे राहतो. नैवेद्य चालू असेल, देव झोपले असतील, असं म्हणून थांबतो. पुजाऱ्याला पाचशे देऊन पडदा ओढा म्हणत नाही. दर्शन मिळेल तेव्हा मिळेल. हा संस्कार आपल्याला लहानपणापासून आहे, तो जंगलाच्या गेटवर मीच विसरले.

नातीच्या प्रश्नानंतर मी तो फोटो भिंतीवरून काढला. मग लॉजवाल्यांकडून त्या ड्रायव्हरचा नंबर घेतला आणि घाबरत घाबरत फोन लावला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कौन सी मैडम? ऐसा तो रोज़ कोई न कोई बोलता है."

त्याला मी आठवतही नव्हते. त्याचं ते 'रोज़' मात्र माझ्या कानातून जात नाही. त्या रोजच्यातून आपल्या परिवाराची एक-एक गाडी जरी कमी झाली, तर हे लिहिल्याचं सार्थक होईल. जायच्या आदल्या दिवशी घरात सगळ्यांनी बसून हे एकदा वाचा, मुलांनाही ऐकवा. कान कुठे बघायचे ते त्यांना लवकर कळतं.

चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

आपली एक सेविका, इंदूर 🙏